पर्यावरणाची पदवी बोईसरच्या नाल्यापासून सुरू व्हावी

पर्यावरण अभ्यासाची आंतरविद्याशाखीय पदवी पालघर जिल्ह्यात सुरू करावी, असे म्हटले की पहिला आक्षेप विज्ञान शाखेतून येतो. थोडे रसायन, थोडा कायदा, थोडे समाजशास्त्र शिकलेला विद्यार्थी कशातच पक्का होणार नाही, असे म्हणतात. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. विद्यार्थ्याने यादीतून आवडेल तो विषय उचलावा आणि श्रेयांक भरले की पदवी घेऊन बाहेर पडावे, अशी रचना केली तर तो अक्षरशः खरा ठरेल. पण त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. पक्केपणा एका विषयाच्या कुंपणात राहूनच येतो, हे ते गृहीतक. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत ते एका दिवसात कोसळते.

कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेतला आणि त्यात सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त निघाला, असे समजा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने काम संपले. न्यायालयात ते अजून सुरूही झालेले नसते. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम २१ सांगते की नमुना तपासणीसाठी घेत असल्याची नोटीस कारखानदाराला द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करून त्यांवर खूण आणि सह्या घ्यायच्या. हे झाले नाही तर तपासणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून टिकत नाही. प्रयोगशाळेत कितीही अचूक काम केले तरी ती बाटली मग फक्त पाण्याची बाटली राहते. आता असा नमुना घेणाऱ्या विद्यार्थ्याचा पक्केपणा कोणत्या विषयातला म्हणायचा? बोईसरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर काम करणारी आपली बी.एस्सी. झालेली मुले रोज आकडे लिहितात. त्या आकड्यांचे कायद्यात काय होते, हे त्यांना कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही.

याहून बोलके उदाहरण नुकसानभरपाईचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पर्यावरणीय भरपाईचे सूत्र पाच घटकांच्या गुणाकाराचे आहे: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतला एक घटक, उद्योगाचा आकार आणि स्थान-घटक. निर्देशांक रसायनशास्त्राकडे जातो. दिवस कधीपासून मोजायचे, हा कायद्याचा वाद. रुपयांचा घटक किती असावा, हा अर्थशास्त्राचा. आणि स्थान-घटक मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो: दहा लाखांहून कमी वस्तीला १, महानगराला २. म्हणजे तेच पाणी मोठ्या शहराजवळ सोडले तर भरपाई दुप्पट. नवापूर, मुरबे किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर माणसे कमी राहतात, पण त्यांचे पोट समुद्रावर आहे, आणि समुद्रावर जगणाऱ्याचे नुकसान डोकी मोजून कळत नाही. हे सूत्रातले भोक गणितज्ञाला दिसणार नाही, कारण गुणाकार बरोबर आहे. वकिलालाही दिसणार नाही, कारण सूत्र अधिकृत आहे. मासेमारीचे अर्थकारण आणि सांख्यिकी दोन्ही शिकलेल्याला दिसेल. मला असा विद्यार्थी हवा आहे.

हे काही काल्पनिक नाही, तारापूरचा खटला प्रत्यक्षात उभा राहिला. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद तिथल्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर आणि शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाई लावली. मासेमार समाजाच्या संघटनेने हे प्रकरण उभे केले, आणि शेजारच्या महाविद्यालयांत ते एकाही विषयाच्या चौकटीत मावत नाही. ही खोट मासेमारांची नाही, चौकटीची आहे.

दुसरा आक्षेप असा की पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आहेच, वेगळी पदवी कशाला? एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले आणि पुढे सर्व पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. हेतू थोर होता. पण तोच पेपर लातूरला आणि तोच पालघरला, आणि ओझोनच्या थरावर टीप लिहून सुटका. एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे प्रश्न टाळणे.

या पदवीला नोकरी कुठे, या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. प्रदूषण मंडळाची संमतिपत्रे, बंदराचे अहवाल, किनारी क्षेत्राचे नकाशे, वनहक्काचे दावे हे सारे काम या जिल्ह्यात आहे आणि ते आज बाहेरचे सल्लागार करतात.

अशी मिश्र विद्या खरोखर चालते का, असे कोणी विचारले तर डहाणूकडे पाहावे. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका परिस्थितिकीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तेथे प्राधिकरण नेमले गेले, तेव्हा त्यात जलविज्ञान, सागरविज्ञान, परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी आणि नियोजन या क्षेत्रांतले जाणकार एकत्र बसवले, आणि अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरचे प्रस्तावित वाढवण बंदर नाकारले, आणि डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढण्याची यंत्रणा बसवायला लावली. धर्माधिकारींच्या निधनानंतर, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने बंदराला हिरवा कंदील दाखवला. तोच किनारा, तेच प्राधिकरण, दोन उलट निकाल. मधल्या काळात पुरावा बदलला, कायद्याचा अर्थ बदलला की माणसे बदलली? एक अख्खे वर्ष शिकवण्याजोगा हा प्रश्न आहे.

म्हणून माझी मांडणी. पहिल्या वर्षी निवडीला वाव नको: सांख्यिकी, पाण्याचे रसायन प्रयोगशाळेसह, सातबारा आणि गावनकाशा वाचणे, भरती-ओहोटीचे तक्ते, आणि वारली पाड्यावर व मांगेला वस्तीत ऐकायला शिकणे. वाचलेले नीट मराठीत लिहिणे हाही सक्तीचा विषय. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी पर्यावरण आघात अहवालाचा फक्त सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, मूळ अहवाल इंग्रजीतच राहतो. तो फोडून गावाला समजावणारे हात इथेच तयार व्हायला हवेत.

दुसऱ्या वर्षी एक मुख्य विषय खोलात, आणि दुय्यम विषय मुद्दाम दूरचा: रसायनवाल्याला कायदा, समाजशास्त्रवाल्याला जलविज्ञान. तिसरे वर्ष पूर्ण एका प्रकरणाला. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि सातपाटीचे मासेमार सांगतात की तो घटतो आहे. बोईसरचे सांडपाणी, पर्ससीन आणि ट्रॉलर, पिल्ले अडकवणारी बारीक आसाची जाळी, तापणारा समुद्र: यांतले कोणते कारण किती, हे सहकारी संस्थांच्या खरेदीच्या नोंदी घेऊन तपासायचे. उत्तर आपल्या बाजूचे नसले तरी ते लिहिण्याचे धाडस इथेच यायला हवे, नाहीतर अभ्यास राहणार नाही, घोषणा होईल.

शिक्षक कुठून आणायचे, असे शेवटी विचारले जाते. एका वर्गात दोन शिक्षक एकत्र उभे करा. त्यासाठी नवे पद लागत नाही, वेळापत्रक लागते. राज्याच्या २०२३ च्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यस्थळ प्रशिक्षणाला श्रेयांक आधीच दिलेले आहेत. ते आज कोणाच्या तरी शिक्क्याच्या कागदावर वाया जाऊ शकतात, किंवा नवापूरच्या किनाऱ्यावर वापरता येतात. अभ्यासमंडळावर एक जागा मच्छीमार सहकारी संस्थेच्या प्रतिनिधीला, एक प्रदूषण मंडळातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला, आणि एक कारखानदारांच्या संघटनेलाही द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याला तिन्ही बाजूंचे उलट प्रश्न झेलावे लागतील. तोंडी परीक्षा ग्रामसभेसमोर, मराठीत. ज्याला नमुन्याच्या बाटलीवर कोणाची सही हवी हे सांगता आले नाही, त्याला उत्तीर्ण करू नये.