छोटी मोटार : वाचकांच्या शंका आणि आमचा सल्ला



या सदरात एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि जनावरांचे प्रश्न येतात. अलीकडे मात्र मोटारीविषयीची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतली बरीच जोगेश्वरीहून आलेली आहेत. याचे नवल वाटायला नको. जोगेश्वरीच्या चाळींत आणि वसाहतींत शेतकरी घरांतली कितीतरी मुले राहतात. नोकरी-धंदा मुंबईत आणि गणपती, शिमगा, मे महिन्याची सुटी गावी. पूर्वी ही मंडळी एस.टी.ने येत. आता कोणी कर्ज काढून, कोणी जुनी विकत घेऊन छोटी मोटार बाळगतो. ती वर्षातले बरेच दिवस गल्लीत उभी असते आणि सणाला गावच्या अंगणात येते. बहुतेक तक्रारींचे मूळ या उभे राहण्यातच आहे.

मी शेतकीचा पदवीधर, मोटारीचा मिस्त्री नव्हे. म्हणून खालची उत्तरे जाणत्या मिस्त्रींना विचारूनच दिली आहेत. निवडक पत्रांचा सारांश आणि त्यावर सल्ला असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न १ (जोगेश्वरी पूर्व) : गाडी महिनाभर उभी राहिली की चालू होत नाही. चावी फिरवली की नुसता टकटक आवाज येतो. दोन वर्षांत दुसरी बॅटरी घेतली. दोष कशात असावा?

उत्तर : बॅटरी उतरते हे उघड आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, कुलपाची यंत्रणा वगैरे थोडी थोडी वीज खातच असतात. शिवाय बॅटरी आपणहूनही हळूहळू उतरते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती पुरती भरत नाही.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवावी. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, तेव्हा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने एक फेरी मारली तरी काम होते. काही जण जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून समाधान मानतात, ते पुरेसे नाही. गाडी चालू करताना खर्च झालेली वीजही तेवढ्यात नीट भरून येत नाही. महिनाभर गाडी लागणारच नसेल, तर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवावी. काढताना ऋण तार आधी, जोडताना ती शेवटी, हे ध्यानात ठेवा. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, कोरडे करून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

गावी बॅटरी उतरली तर शेजारच्या ट्रॅक्टरची मदत घेता येते, कारण बहुतेक ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. तरी आधी तिच्यावर छापलेला आकडा पाहावा. लाल तार धन टोकाला धन टोक अशी जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकापासून बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी, उतरलेल्या बॅटरीला नव्हे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी-काडी नको.

प्रश्न २ (जोगेश्वरी पश्चिम, गाव ता. चिपळूण) : गणपतीला जाताना घाटात गाडी उकळली. गर्दीत थांबून झाकण उघडायला गेलो तर वाफेचा फवारा आला. थोडक्यात वाचलो.

उत्तर : थोडक्यात वाचलात हे खरे. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते. कुकरची शिटी न काढता झाकण उघडण्यासारखेच हे आहे. गाडी गरम असताना झाकणाला हात लावू नये. काटा वर चढू लागला की वातानुकूलन बंद करावे, उलट हीटर पूर्ण सुरू करावा. आत उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी कमी होईल. तरीही काटा उतरला नाही तर कडेला थांबून इंजिन बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास धीर धरावा.

आता कारण पाहा. पाणी कमी, गळकी नळी, न फिरणारा पंखा, सैल पट्टा किंवा क्षाराने बुजलेला रेडिएटर, यांपैकी काहीतरी असते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही भरू नये. ठिबकच्या नळ्यांत क्षार साठून छिद्रे कशी बंद होतात हे आपल्याला सांगायला नको. रेडिएटरच्या नळ्या तशाच बारीक असतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरावे. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तेव्हा बोनेट उघडून कडेला थांबलेली टॅक्सी नेहमीचे दृश्य होते. त्या टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या, पण रेडिएटरची काळजी घ्यावी लागणे काही गेले नाही.

कशेडीला आता बोगदा झाला, तरी पुढे भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे अगर इंजिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि पाय जड होतो. सतत दाबून ब्रेक तापले तर धरेनासेच होतात. बैलगाडी उतारावर कोणी मोकळी सोडत नाही. तसेच येथे खालच्या गिअरमध्ये उतरावे.

प्रश्न ३ (ता. संगमनेर) : मुलाची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची आहे. पेट्रोलमध्ये उसाचे इथेनॉल घालतात त्यामुळे ती बिघडते असे सगळे म्हणतात. आम्ही ऊसवाले. काय खरे मानावे?

उत्तर : ऊसवाल्याने हा प्रश्न विचारला हे बरे झाले. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसाचा रस, मळी, तसेच मका आणि तांदूळ यांपासून होते. कारखान्याला त्यातून पैसा मिळतो आणि आपल्या उसाचे बिल निघायला मदत होते, हा त्याचा फायदा. पण गाडीवाल्याला काही गोष्टी जपाव्या लागतात, हेही तितकेच खरे.

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाच भागांत एक भाग इथेनॉल असेल तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, हा साधा हिशेब आहे. जुनी गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल तर एखादा किलोमीटर कमी होणे शक्य आहे. त्याहून जास्त घट असेल तर दोष इथेनॉलवर न टाकता प्लग, हवेची गाळणी आणि टायरमधली हवा तपासावी.

दुसरे असे की, जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणाने फुगतात, चिरतात. इंजिनाजवळ पेट्रोलची नळी गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. मिस्त्रीकडून या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात. खर्च मोठा नाही. तिसरे, इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर ओलसर हवेतले पाणी मिसळत जाते. ते फार झाले की इथेनॉलसह तळाला बसते आणि इंजिनात तेच आधी जाते. म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी आणि झाकणाचे रबर शाबूत आहे का पाहावे.

प्रश्न ४ (ता. संगमेश्वर) : गाडी पडवीत लावली होती. चार दिवसांत उंदरांनी तारा कुरतडल्या. दुरुस्तीला मोठा खर्च आला. औषध ठेवावे का?

उत्तर : हा प्रश्न आमच्या खात्याचा आहे. उंदीर तारेच्या चवीसाठी येत नाही. ऊब, अंधार आणि जवळच दाणागोटा यांसाठी येतो, आणि दात झिजवण्यासाठी मिळेल ते कुरतडतो. पडवीत भाताची कणगी, पेंढा किंवा कोंड्याची पोती असतील तर तेथे गाडी लावूच नये. अंगणात उघड्यावर, पेंढ्यापासून लांब लावावी. रात्री बोनेट थोडे उघडे ठेवले तर आत अंधार आणि ऊब राहत नाही. मात्र छोटा दिवा पेटता राहून बॅटरी उतरणार नाही हे पाहावे. गाडीत शेंगा, बिस्किटे, प्रसादाचे खोबरे ठेवू नये. खालून बारीक जाळी बसवून घेता येते. सकाळी चावी लावण्यापूर्वी बोनेट उघडून एकदा पाहावे. मांजरही आत बसलेले असते.

विषारी आमिष अंगणात ठेवू नये. मुले, कोंबड्या, कुत्री सर्वांना त्याचा धोका आहे. शिवाय विष खाल्लेला उंदीर बोनेटमध्ये मेला तर वास महिनाभर जात नाही. पिंजरा बरा.

प्रश्न ५ (जोगेश्वरी पूर्व) : पावसात रस्त्यावर पाणी भरते. गाडी पाण्यात बंद पडली तर काय करावे?

उत्तर : सर्वांत महत्त्वाचे हे की, पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन हवा दाबते, पाणी दाबता येत नाही. पाणी आत गेलेले असताना चावी फिरवली तर आतला दांडा वाकतो आणि किरकोळ कामाचे मोठे काम होते. बॅटरीची तार काढून गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे.

पण गाडीपेक्षा जीव मोठा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत काही माणसे बंद गाडीत अडकून गुदमरून गेली. पाणी वाढले की बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही आणि विजेवर चालणाऱ्या काचा बंद पडतात. म्हणून पाणी दाराच्या उंबऱ्याशी येण्याआधीच काच खाली करावी, पट्टा सोडवावा आणि गाडी टाकून बाहेर पडावे. एक छोटी हातोडी हाताशी ठेवावी. काच फोडायची तर बाजूची, आणि मधोमध नव्हे तर कोपऱ्यात. पुढची काच फुटून मोकळी होत नाही. गावाकडे पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावे. घर एक दिवस उशिरा गाठले तरी चालते.

याच ओघात आणखी एक. प्रवासात थकून काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. बंदिस्त जागेत तर मुळीच नाही. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. उन्हात उभ्या गाडीत मुलांना क्षणभरही कोंडू नये.

प्रश्न ६ (ता. पाटण, एक भगिनी) : यांना दर पंधरा दिवसांनी तालुक्याला दवाखान्यात न्यावे लागते. एस.टी. वेळेवर नसते. जोगेश्वरीला असलेला मुलगा म्हणतो, दुभती म्हैस विक, मी थोडे कर्ज काढतो, जुनी गाडी घेऊन गावी ठेवू. काय करावे?

उत्तर : ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. मुलाला वडिलांची काळजी आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पत्रात एक गोष्ट नाही, ती म्हणजे गावी गाडी चालवणार कोण? मुलगा जोगेश्वरीला, हे आजारी. मग गाडी अंगणात उभी राहील आणि वर दिलेले सगळे प्रश्न तुमच्याच दारी येतील. दवाखान्याच्या दिवशीच ती चालू झाली नाही तर काय उपयोग?

आधी वहीत हिशेब मांडा. एका बाजूला कर्जाचा हप्ता, वर्षाचा विमा, धुराचा दाखला, टायर-बॅटरी, पेट्रोल, आणि म्हशीचे थांबलेले दूध. दुसऱ्या बाजूला गावातल्याच कोणाची जीप किंवा रिक्षा महिन्यातून दोनदा ठरवून घेण्याचे भाडे. बहुतेक घरांत दुसरी बाजू हलकी निघेल. मुलाने हप्त्याऐवजी ते भाडे दरमहा पाठवावे. रात्री-अपरात्री अडचण आली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

घरात सून, मुलगी, पुतण्या कोणी शिकायला तयार असेल, अगर तुम्ही स्वतः, तर गोष्ट वेगळी. बाईमाणसाने गाडी शिकू नये असे कोठे लिहिलेले नाही. आधी परवाना, मग गाडी, हा क्रम ठेवा. तेव्हाही म्हैस विकण्याची घाई नको. गाडी खर्च मागते, म्हैस रोज काहीतरी देते.

जुनी गाडी घ्यायचीच झाली तर एवढे पाहा. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जाते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. कुबट वास आणि आसनाखाली गंज असेल तर गाडी पुरात बुडालेली असण्याचा संभव आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नोंदणीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च धरा. बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नोंदणी व विमा दोन्ही आपल्या नावावर लगेच करून घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर आणि अपघात आपल्या हातून, ही अडचण वर्षानुवर्षे सुटत नाही.

शेवटी सर्वांसाठी : गावी निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी थंड असताना टायरची हवा, स्टेपनीची हवा, इंजिन तेल, कूलंट, ब्रेक आणि दिवे पाहावेत. सी.एन.जी.ची गाडी असेल तर टाकीची तीन वर्षांची तपासणी झाली आहे का पाहावे. वाटेत पंप मिळेलच असे धरू नये, पेट्रोलही ठेवावे.

पुढील अंकी खरिपाच्या बियाण्याची उगवणशक्ती घरी कशी तपासावी ते पाहू. तोवर शंका असतील तर पत्राने कळवाव्यात. पत्रात गाडीचे वय आणि ती किती दिवस उभी होती ते जरूर लिहावे.