चोरून शिजवलेला ससा

(ज्याला वाचता येते त्याने पाड्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. बायांना जरूर बोलवावे. चुलीपाशी त्याच असतात.)

भाताची कापणी झाली, खळी उरकली. आता मोकळ्या शेतांतून आणि गवताच्या माळावरून ससा दिसायला लागला आहे. म्हणजे पोरे कुत्री आणि वाघूर घेऊन निघणार, आणि गार्ड पाड्यापाड्यातून चुलींचा वास घेत फिरणार. दरवर्षीचे हे आहे. म्हणून या अंकात आम्ही सशावर लिहीत आहोत. मारलेला ससा कसा साफ करावा, कसा शिजवावा, कोणता हातही न लावता पुरून टाकावा, ते खाली दिले आहे.

पण त्याआधी एक गोष्ट साफ बोलली पाहिजे. आश्रमशाळेत, दवाखान्यात, कचेरीत आपल्याला एकच ऐकवतात, "तुम्ही लोक रानातलं काहीबाही खाता, म्हणून आजारी पडता." आम्ही म्हणतो, हे खोटे आहे. आपले आजे-पणजे ससा खात आले. निरोगी ससा, उजेडात साफ केलेला, पुरता शिजवलेला, हा शेठच्या दुकानातल्या किडक्या डाळीपेक्षा शंभर पटीने चांगला आहे. ससा खाऊन माणूस आजारी पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोन कारणे असतात. एक, शेतात टाकलेले विष. दोन, गार्डच्या भीतीने अंधारात घाईघाईने भाजलेले अर्धे कच्चे मांस. ही दोन्ही कारणे आपल्या सवयीतून आलेली नाहीत. ती वरून आली आहेत.

आधी भीतीचे बघू.

1972 साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात जनावरांच्या याद्या आहेत. ससा छोट्या शिकारीच्या यादीत होता. म्हणजे 1991 पर्यंत ज्याच्याकडे परवाना होता, त्याने फी भरावी आणि ससा मारावा, असे होते. बंदूक, जीप, बॅटरी असलेल्या शहरातल्या शिकाऱ्याला हा रस्ता मोकळा होता. ज्याच्याकडे काठी, कुत्रा आणि जाळे होते, ज्याला अर्ज कुठे द्यायचा हेही माहीत नव्हते, तो चोर. त्याच कायद्यात तेव्हा आणखी एक यादी होती, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात कावळा होता, उंदीर होता, घूस होती. ते कोणीही मारावे, असे होते. म्हणजे हिशोब सरळ झाला: साहेबाला ससा, कातकऱ्याला उंदीर! हा वाटा कोणी केला? आपल्याला विचारून केला का?

आम्ही जनावरे वाचवण्याच्या विरुद्ध नाही. हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण वर्तमानपत्रवाले उलटे छापतात. वाघ संपला, सांबर संपले ते आपल्या गलोलीने नाही. गोऱ्या साहेबांनी आणि राजेरजवाड्यांनी हाके घालून मारले, कातडी भिंतीवर टांगली, फोटो काढले. मिश्र जंगल तोडून सरळ रांगांत साग लावला, तिथे खाली गवत उगवत नाही, मग ससा राहणार कुठे? ससा बिळात राहत नाही. गवतात, झुडपात अंग दाबून बसतो. गवत गेले की तो गेला. 1878 च्या कायद्याने आणि मग 1927 च्या कायद्याने जंगल राखीव म्हणून आपल्या हातून काढून घेतले. तेव्हापासून रानाचा राखणदार कोण आणि चोर कोण, हे खाकी कपडे बघून ठरते.

या भीतीचा चुलीवर काय परिणाम होतो ते बघा. पोरे ससा धरतात. उजेडात पाड्यावर आणला तर कोणीतरी चुगली करेल. म्हणून रात्र होईपर्यंत गोणपाटात गुंडाळून झुडपात ठेवतात. पोट फाडलेले नाही, आतडी आतच. दिवसभराच्या उन्हात ते मांस आतून नासायला लागते. रात्री ओढ्याच्या काठी शेकोटी करून अख्खाच्या अख्खा जाळावर धरतात. वरून करपतो, मांडीच्या हाडाजवळ रक्त तसेच. अंधारात काळीज कसे आहे ते कोण बघतो? घाईने खातात आणि हाडे लपवतात. सकाळी जुलाब लागले की दवाखान्यात खरे सांगायचीही चोरी. डॉक्टर विचारतो काय खाल्लं, तर म्हणायचं, काय नाय, भाकरच खाल्ली.

हा ससा सशाने नासवलेला नाही, कायद्याने नासवलेला आहे.

आता विषाचे.

पूर्वी शेताच्या कडेला मेलेला ससा दिसला तर कुत्र्याने मारला असेल, असे म्हणून कोणी उचलत असे. आता तसे करू नका. शेठच्या वाडीत विष फवारतात. भातात विषारी दाणे टाकतात. बांधावर उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या पिठात कालवून ठेवतात. ससा तोच पाला खातो, तेच दाणे उचलतो. आपल्या बाया रोजाने त्याच वाडीत तण काढतात, त्यांनाही कोणी सांगत नाही की काल इथे काय फवारले.

दोन महिन्यांपूर्वी आपल्याच भागातल्या एका पाड्यावर एका घरातली तीन माणसे बांधावर सापडलेला ससा खाऊन ओकायला लागली. तोंडाला फेस आला, हातपाय झटकू लागले. दवाखान्यात नेल्यावर पहिला प्रश्न आला, "किती प्यायलात?" पाड्यावरच्या माणसांनी ओरडून सांगितले की दारू नाही, ससा खाल्ला, बांधावर मेलेला होता. तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. तिघेही वाचले. ज्याच्या शेतातले ते विष होते, त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. तोच ससा पाड्यावर जाळ्यात सापडला असता, तर गार्ड त्याच रात्री हजर!

म्हणून साथींनो, खालच्या गोष्टी नीट ऐका आणि पोरांना शिकवा. यातले बरेचसे म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. काही नवीन आहे, कारण विष नवीन आहे.

1. मेलेला सापडलेला ससा खायचा नाही. कितीही ताजा दिसो. शिजवून, भाजून, मिरची-मीठ लावून विष जात नाही. जो ससा माणूस दिसूनही पळत नाही, लटपटतो, डोके एका बाजूला टाकतो, तोही सोडा. तोंडाला फेस किंवा पोट फाडल्यावर लसणासारखा उग्र वास आला, तर समजा उंदराचे औषध आहे. खोल खड्डा करून पुरा. कुत्र्याला घालू नका, कुत्राही मरेल.

2. मारलेला ससा खांद्यावर किंवा काखेत घेऊन येऊ नका. अंग थंड व्हायला लागले की त्याच्या अंगावरच्या पिसवा आणि गोचिड्या ऊब शोधत माणसाकडे येतात. पाय बांधून काठीला लटकवून आणा.

3. हाताला जखम, चीर, खरूज असेल त्याने साफ करू नये. दुसरे कोणी नसेल तर जखमेवर चिंधी बांधून वर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. गरवार बाईने आणि लहान पोरांनी कच्च्या मांसात हात घालू नये. काम झाल्यावर हात, कोयता आणि पाटा राख लावून धुवा.

4. पोट लवकर फाडा. उन्हाच्या दिवसांत तर मारल्या जागीच, सावलीत. सुरी वरवर चालवा, आतडी फाटता कामा नये. मुताची पिशवी आणि काळजाला चिकटलेले पित्त अलगद काढा. आतड्यातली घाण मांसाला लागली तर नुसते धुऊ नका. धुतल्याने ती पसरते. तेवढा भाग कापून टाका.

5. काळीज उजेडात बघा. हीच सगळ्यात मोठी परीक्षा. चांगले काळीज गडद तांबडे, गुळगुळीत, एकसारखे असते. त्यावर पांढरे-पिवळे ठिपके, पू किंवा गाठी असल्या, पाणथरी फुगलेली असली, मांसाला घाण वास असला, तर अख्खा ससा पुरा. पोटात पाण्याच्या बुडबुड्यासारख्या पिशव्या दिसल्या तर त्या जंताच्या असतात. त्या कुत्र्याला घालू नका, कुत्र्याच्या पोटात जंत वाढतो आणि पाड्यावर परत फिरतो.

6. केस जाळायचे असतील तर आतडी काढल्यावर जाळा, किंवा कातडेच सोला, सशाचे सहज निघते. मग तुकडे करा. अख्खा ससा जाळावर भाजून खाऊ नका. तुकडे टोपात पाणी घालून, वर झाकण ठेवून मंद जाळावर शिजवा. सशाला चरबी कमी, मांस चिवट, त्याला वेळ लागतो. मांस हाडापासून सुटले आणि हाडाजवळ लाल राहिले नाही की झाले. त्याआधी उतरवू नका, पोरांनी कितीही घाई केली तरी.

7. त्याच दिवशी वाटून संपवा. उरलेले सकाळी खाणार असाल तर पुन्हा खळखळून उकळा. आतडी, कातडे आणि रक्त विहिरीपासून, ओढ्यापासून लांब पुरा.

8. खाल्ल्यावर ओकाऱ्या, फेस, झटके आले, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर ते विष आहे. भगताकडे नंतर जा, आधी दवाखाना. दूध, तूप, तेल पाजू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर निजवून न्या. उरलेले मांस डब्यात घालून बरोबर घ्या. शेतात औषधाचा रिकामा डबा सापडला तर तोही घ्या. ससा साफ केल्यावर काही दिवसांत ताप आला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, तरी डॉक्टरला सांगा की ससा हाताळला होता. लाजू नका, घाबरू नका. तुमचा जीव गार्डच्या वहीपेक्षा मोठा आहे.

आता आपल्या आपल्यात बोलायची एक गोष्ट. काही पोरे ससे धरून हायवेवरच्या धाब्यांवर विकतात. रात्री बॅटरी मारून एका रात्रीत जितके मिळतील तितके मारतात. त्यांना आम्ही विचारतो, हे कोणाचे काम करता? धाबेवाला तुम्हाला चहापाण्याचे पैसे देतो आणि ट्रकवाल्याकडून दसपट घेतो. उद्या गार्ड धरेल तो तुम्हाला, धाबेवाल्याला नाही. आपल्या रीतीत शिकारीचा वाटा सगळ्यांना असतो. घरात बसलेल्या म्हातारीला असतो, कुत्र्यालाही असतो. ज्या सशाचा वाटा पाड्यावर होत नाही, तो ससा आपल्या हक्काचा नाही. तसेच पावसाळ्यात माद्या गाभण असतात, पिल्ले लहान असतात, तेव्हा जाळे खुंटीला टांगा. हा नियम गार्डच्या धाकाने नको. पाड्याने बसून करावा आणि पाड्याने पाळावा.

जे साथी म्हणतात, "जमिनीच्या लढाईत हे सशाचं काय मधेच?" त्यांना आमचे उत्तर असे. आपली प्लॉटची जमीन जंगलात धरली जाते, तिथे नांगर घातला तर अतिक्रमण. वरकस जमिनीवरचे गवत व्यापारी नेतो. भाताची जमीन सावकाराने लाटली, तिथे आता चिकू आहे आणि चिकूवर फवारणी आहे. पेज आणि मीठ यांच्या पलीकडे पोराच्या पोटात काही जायचे असेल तर ते ओढ्यातून आणि रानातून येते: मासा, खेकडा, कंद, ससा. जमीन गेली म्हणून रानावर भार पडला, आणि रानात गेलो म्हणून गुन्हेगार ठरलो. दोन्ही टोके एकाच दोरीची आहेत. एक म्हातारी गार्डला म्हणाली ते आम्ही इथे लिहून ठेवतो: "ससा नाय खायचा तं काय खाऊ? तुजा कायदा?"

म्हणून येत्या मोर्चात जमिनीच्या मागण्यांबरोबर या मागण्याही मांडायच्या आहेत.

एक, घरच्या खाण्यापुरत्या छोट्या शिकारीवरून आदिवासीला धरणे बंद करा. किती, कधी, कुठे हे पाड्याची सभा ठरवेल, आणि विक्री आम्ही स्वतः बंद करू.

दोन, शेतात आणि वाडीत विष टाकणाऱ्याने आधी पाड्यावर दवंडी दिली पाहिजे. विषाने माणूस किंवा गुरू दगावले तर भरपाई त्याने द्यावी.

तीन, दवाखान्यात विषबाधेचे औषध कायम ठेवा आणि आलेल्या माणसाला आधी तपासा, मग प्रश्न विचारा.

तोपर्यंत गार्ड आला तर काय करायचे? एकट्याने बोलायचे नाही, पाडा गोळा करायचा. नाव आणि बिल्ला विचारायचा. कोंबडी, दारू, पैसे काही द्यायचे नाही. दंड म्हणत असेल तर पावती मागायची. पावतीशिवाय दिलेला पैसा दंड नसतो, लाच असते. कोऱ्या कागदावर अंगठा उठवायचा नाही. कोणाला धरून नेले तर घटनेप्रमाणे चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच संघटनेच्या कार्यालयात माणूस पाठवा.

आणि ससा चोरून शिजवायचा नाही. उजेडात साफ करा, काळीज बघा, पुरता शिजवा, सगळ्या पाड्याला वाटा. चोरी आपण केलेली नाही. ज्याने जमीन नेली, जंगल नेले आणि बांधावर विष ठेवले, त्याने अंधारात बसावे.

मोर्चाला या. येताना सातबाऱ्याच्या नकला आणि दंडाच्या जेवढ्या पावत्या असतील तेवढ्या घेऊन या. पावती नसेल तर दिलेली रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव तोंडपाठ करून या. आम्ही लिहून घेऊ.