अँडरसन... दोन सेटमध्ये!

वाशीमला गेलो की मी 'पुण्यातला इंजिनीअर', आणि पुण्याच्या ऑफिसात 'टेनिसवाला ज्योतिषी'. दुसरी पदवी मी स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवली आहे. २०१८ ते २०२३, मधला कोविडचा खाडा सोडला तर, दर वर्षी बालेवाडीत महाराष्ट्र ओपन व्हायची. (पुढे ती हाँगकाँगला गेली. आमचा जानेवारी तेव्हापासून अळणी!) ऑफिसातून सटकून मॅच गाठायची आणि कोण जिंकणार ते आधीच छातीठोक सांगायचं, हा आपला छंद.

तर, ५ जानेवारी २०१९. शनिवार, फायनल. एकीकडे केव्हिन अँडरसन, सहा महिन्यांपूर्वीचा विम्बल्डन उपविजेता. दुसरीकडे इव्हो कार्लोविच, पुढच्याच महिन्यात चाळिशी गाठणारा, सहा फूट अकरा इंचांचा ताडमाड गडी. मी रीतसर एक्सेल शीट केलं. वय, रँकिंग, फॉर्म. निकाल : अँडरसन, दोन सेटमध्ये. पैज अशी की नुसता विजेता पुरे नाही, सेटही बरोबर हवेत. हरणाऱ्याने अख्ख्या टीमला मिसळ.

सकाळी बाबांचा फोन आला. बाबा रिसोड तालुक्यात शेती करतात. १९९६ला अटलांटात पेसचं ब्राँझ पाहिल्यापासून टेनिस म्हटलं की टीव्हीसमोरून हलत नाहीत. पण त्या दिवशी विषय सोयाबीनचा होता. पोती घरात पडून होती आणि मला वाकडच्या फ्लॅटचं बुकिंग करायचं होतं. "भाव काही चढत नाही बाबा, सगळं विकून टाका," मी म्हणालो. त्याच दमात अँडरसनचंही भाकीत सांगून टाकलं.

"दोघायचीबी सर्व्हिस कोनाले तोडता येत नसंन, तर तुया तक्त्यात हाय काय?"

मी हसलो. हसायला नको होतं, बॉस!

कारण मुद्दा अगदी बरोबर होता. एरवीच्या मॅचमध्ये चांगला खेळाडू दर गेममध्ये थोडा थोडा पुढे सरकतो आणि ती आघाडी साठत जाते. पण दोघंही तोफ डागल्यासारखी सर्व्हिस करत असतील तर सेट ६-६ वर येतो आणि टायब्रेकमधले दोन-तीन पॉइंट सगळं ठरवतात. तिथे रँकिंग कोण विचारतो? त्याच वर्षीच्या विम्बल्डन फायनलमध्ये तर फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. कप जोकोविचने नेला! तिन्ही टायब्रेक त्याचे होते. शीटमध्ये हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं, सांगा.

संध्याकाळी स्टेडियममध्ये पहिला सेट टायब्रेकमध्ये अँडरसनला. मी कॉलर ताठ केली. दुसराही टायब्रेक... कार्लोविचला! पैज तिथेच गेली. तिसऱ्यात पुन्हा टायब्रेक. ७-५. अँडरसन जिंकला, दोन पॉइंटांनी. शेजारचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी सकाळचा फोन आठवत बसलो होतो. एका म्हाताऱ्या माणसाला किती बेधडक सांगितलं, सगळं विकून टाका म्हणून. वर्षभराचं पीक होतं ते.

गेटबाहेर येऊन फोन लावला.

"जिंकला ना तुया अँडरसन?"

"जिंकला. पण तीन सेट लागले, मी हरलो. बाबा, सोयाबीनचं तुम्हीच ठरवा. मला खरंच कळत नाही."

"अर्धं काल विकलं. अर्धं ठेवलं."

"काल? मग सकाळी मला कशाला विचारलं?"

"तू काय म्हनतं ते पाहाले."

सोमवारी बिल्डरकडून बुकिंगसाठी पंधरा दिवस मागून घेतले. मिसळीच्या बिलाला मात्र कोणी एक दिवसाचीही सवलत दिली नाही. त्यात एकाने तर दोन प्लेट खाल्ल्या.