आधी निदान, मग पार्ट

आजची नोंद गाडीची आहे, पण मुद्दा शेतातलाच.

जुनी गाडी रोज तापत असेल तर दोष लवकर सापडतो. डोकं खाते ती कधी तापणारी, कधी न तापणारी. गॅरेजला नेली की काटा मधोमध! मग अंदाजाने पंप बदला, रेडिएटर बदला, आणि शेवटी ठरलेला सल्ला : "थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल."

माझं मत स्पष्ट आहे. हे पान पिवळं दिसलं की युरिया फेकण्यासारखं झालं. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय, कोवळी पडली तर लोहाचा. गाडीचंही तसंच. किती तापते यापेक्षा कधी तापते ते बघा.

- बाजारात, गर्दीत तापते आणि रस्त्याला लागली की उतरते : हवा कमी पडतेय. इलेक्ट्रिक पंखा, त्याचा रिले, स्विच, वायर तपासा. एसी असेल तर लावून बघा, पंखा फिरला पाहिजे.
- घाटात किंवा लोड असताना तापते : पाणी कमी फिरतंय. रेडिएटर आतून क्षाराने भरलाय, पंप थकलाय किंवा खालचा पाइप चिपकतोय.
- काही ताळमेळच नाही : थर्मोस्टॅट अडकतोय, आत हवा धरलीय किंवा कूलंट कमी होतंय.
- काटा एकदम वर जाऊन एकदम खाली : सेन्सरची वायर आणि अर्थिंगही बघा.

झाकण मात्र सगळेच विसरतात. ते नुसतं झाकण नाही. 0.9 बारचं झाकण दाब धरतं, म्हणून पाणी 100 ऐवजी सुमारे 118 अंशांना उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळून बाहेर. हा स्वस्तातला पार्ट आहे, तो आधी बघा.

थर्मोस्टॅट काढू नका, तपासा. भांड्यातल्या पाण्यात टाकून तापवा, साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडायला लागला पाहिजे. काढून टाकला तर इंजिन थंड चालतं, इंधन जास्त खातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर सोडून बायपासनेच फिरतं, आणि गाडी आणखी तापते.

बोअरचं पाणी रेडिएटरला नकोच. ड्रिपच्या नळ्यांत जे क्षार बसतात, तेच तिथेही बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घाला.

गाडी सुरू असताना कूलंटमध्ये सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ, पांढरा धूर थांबत नाही, अशी लक्षणं दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. "पुढच्या हंगामात बघू" म्हणाल तर हेड वाकतं, आणि ऐन काढणीत माल शेतात, गाडी गॅरेजात.

तापलेलं झाकण उघडायचं नाही, गरम इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. आठ दिवस वहीत लिहा : वेळ, रस्ता, लोड, एसी चालू की बंद, सकाळी कूलंट किती. ती वही मेकॅनिकसमोर ठेवा. चांगला मेकॅनिक ती वाचेल. न वाचताच पान्याला हात घालणाऱ्याकडे गाडी सोडू नका.