पुढली पायरी झांकून ठेवा

आमचा नववींतला नातू बीजगणितासाठीं फोटोमॅथ हें २०१४ सालीं निघालेलें सॉफ्टवेअर वापरतो. समीकरणाचें छायाचित्र घेतलें कीं तें उत्तरापर्यंतच्या पायऱ्या क्रमानें दाखवितें. तरीहि सहामाहींत साधें समीकरण त्याला सुटलें नाहीं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे; त्यानें पायऱ्या नुसत्या उतरून घेतल्या होत्या.

मग मीं नियम घातला. ३क्ष + ५ = २० मांडलें, कीं पुढली पायरी कागदानें झांकावयाची; ती प्रथम स्वतः लिहून कारण सांगावयाचें, मगच कागद सरकवावयाचा. ‘पांच पलीकडे गेले’ हें कारण नव्हे. भास्कराचार्य समीकरणाच्या बाजूंस ‘पक्ष’ म्हणतात; दोन्ही पक्ष तुल्य राहावे म्हणून दोहोंतूनहि पांच वजा केले, तेव्हां ३क्ष = १५.

आतां चूक त्याची त्यालाच सांपडते. वाचकांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा.