डोक्यावरचे तेल आणि बाटलीवरचे बोल



शाळेत येताना डोक्याला तेल लावावे की लावू नये, हा वाद तुमच्या घरी कधी ना कधी झालाच असेल. दादी म्हणते, "तेल लावल्याशिवाय बाहेर पडायचे नाही." तुम्ही म्हणता, "तेल लावले की वर्गात सगळे चिपकू म्हणतात." मग रुसवेफुगवे होतात आणि पहिली घंटा चुकते. मी घरी दादीच्या बाजूची आणि शाळेत तुमच्या बाजूची तक्रार ऐकते, म्हणून या वादावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकते. केसांना तेल लावणे ही चांगली सवय आहे आणि तिची लाज वाटण्याचे काहीही कारण नाही. पण तेलाने नवे केस उगवतात, तेलाने केस गळायचे थांबतात, असे जे सांगितले जाते ते मला मान्य नाही. दादीची सवय बरोबर आहे. जाहिरातीने त्या सवयीला जोडलेले कारण चुकीचे आहे.

असे का म्हणते, ते समजण्यासाठी केस म्हणजे काय हे पाहू. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि ते जिवंत असते. आपल्याला बाहेर दिसतो तो केस मात्र निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. आपली नखेही त्याच प्रथिनाची बनलेली असतात. म्हणून नखे कापताना दुखत नाही आणि केस कापतानाही दुखत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. आता हिशेब करा. तुमच्यापैकी जिची वेणी कमरेपर्यंत पोहोचली आहे, तिच्या वेणीचे टोक चार-पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आले आहे. ती आज नववीत असेल, तर ते टोक चौथी-पाचवीतले आहे! इतक्या वर्षांत त्या केसाने किती ऊन, किती धूळ, किती साबण सोसला असेल! कंगव्याचे ओढणे तर रोजचेच. निर्जीव धागा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्याला जपावे लागते. तेलाचे काम इथे आहे, मुळाशी नाही. मुळाला अन्न मिळते ते रक्तातून. वरून ओतलेल्या तेलातून ते मिळत नाही.

तेल हा शब्दच मुळी तिळावरून आला. तिळाचे ते तैल, त्याचे झाले तेल. नंतर हा शब्द इतका पसरला की आपण खोबऱ्याच्या, शेंगदाण्याच्या, करडईच्या आणि मातीतून निघणाऱ्या रॉकेललाही तेलच म्हणू लागलो. आपल्या महाराष्ट्रात ज्या भागात जे पिकते तेच डोक्याला लागते. माझे माहेर कोकणातले. तिथे दारात नारळ, म्हणून डोक्यावर खोबरेल. घाटावर आले तेव्हा तिळाचे तेल लावणारी घरे पाहिली. उर्दूत आपण ज्याला कोल्हू म्हणतो तो लाकडी घाणा पूर्वी गावोगावी होता. बैल गोल फिरायचा आणि तेल गळायचे. हकीमांच्या दवाखान्यात रोगन-ए-बादाम मिळायचे, आजही मिळते. ते महाग असते, म्हणून थेंब मोजून वापरतात.

कोकणात पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि पाणथळ जागी माका उगवतो. हिंदीत त्याला भांगरा म्हणतात. पांढरी बारीक फुले येणारी ही वनस्पती वाटून तिचा रस खोबरेल तेलात मंद आचेवर उकळायचा. रसातले पाणी असेपर्यंत तेल तडतडते. तडतड थांबली की तेल तयार झाले असे समजायचे. खात्री करायची असेल तर कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. वात न तडतडता जळली, म्हणजे तेलात पाणी राहिलेले नाही. पाणी राहिले तर तेल लवकर खराब होते. विज्ञानाचे पुस्तक न वाचलेल्या बायकांची ही परीक्षा मला फार हुशारीची वाटते. (उकळते तेल आहे, तेव्हा हा प्रयोग मोठ्या माणसांशिवाय करू नका.) माक्याने केस काळे होतात का? पिकलेला केस काळा झालेला मी तरी पाहिला नाही.

मग तेलाने नेमके होते तरी काय? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग मुंबईत झाला आणि 2003 साली तो छापून आला. संशोधकांनी केसांच्या बटा घेतल्या. काहींना खोबरेल तेल लावले, काहींना सूर्यफुलाचे तेल, काहींना खनिज तेल. मग केस धुताना आणि विंचरताना त्यातून किती प्रथिन निघून जाते ते मोजले. खोबरेल लावलेल्या केसांतून ते स्पष्टपणे कमी गेले. बाकी दोन तेलांनी तसा फायदा दिसला नाही. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. आत तेल असले की धुताना केस पाणी कमी पितो, कमी फुगतो आणि त्याची झीजही कमी होते. थोडक्यात, तेल लावायची खरी वेळ आंघोळीच्या आधीची आहे.

हा प्रयोग करणारे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीत काम करणारे होते. हे ऐकून तुम्ही म्हणाल, "मग ते खोबरेललाच पहिला नंबर देणार!" शंका योग्य आहे, आणि अशी शंका घेणारा विद्यार्थी मला आवडतो. पण शंका आली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्यांनी आपली पद्धत आणि आपले आकडे छापले, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ते तपासून पाहता येतात. जाहिरात असे काही करत नाही. ती लांब केसांची सुंदर मुलगी दाखवते आणि गप्प बसते.

तेलाबरोबर येते ती मालिश, आपली चंपी. गुरुदत्त यांच्या 'प्यासा' (1957) चित्रपटात जॉनी वॉकर यांनी रंगवलेला तेलमालिशवाला तुमच्या अब्बांना नक्की आठवत असेल. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द आपल्या 'चांपो', म्हणजे दाबा, चेपा, यावरून तिकडे गेला. आणि विलायतेत या चंपीला नाव मिळवून दिले ते शेख दीन मुहम्मद यांनी. ते 1759 मध्ये पाटण्यात जन्मले. 1794 मध्ये त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात त्यांनी वाफेचे स्नान आणि मालिश यांचे स्नानगृह चालवले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले होते. ज्या बाटलीतल्या शॅम्पूपुढे आपण तेलाला गावंढळ समजतो, त्या शॅम्पूचे नावच आपल्या चंपीचे आहे, याची मला गंमत वाटते. मालिश केल्याने बरे वाटते, थकवा उतरतो, झोप लागते. एवढा फायदा मला पुरेसा आहे.

आता बाटलीकडे वळू. घरी असेल ती बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. समोर मोठा आवळा किंवा बदाम रंगवलेला असतो. मागे पुष्कळदा 'मिनरल ऑइल' किंवा 'लाइट लिक्विड पॅराफिन' असे लिहिलेले सापडते. हे झाडाचे तेल नाही. ते खनिज तेलापासून, म्हणजे पेट्रोलियमपासून काढतात. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि ते स्वस्त पडते. ते विष नाही, केसांवर चमकही आणते. पण पैसे आवळ्याचे द्यायचे आणि घ्यायचे पॅराफिन, हा सौदा मला पटत नाही. 'थंडा' तेलाचेही तसेच. डोक्याला जो गारवा जाणवतो तो मेन्थॉल आणि कापराचा असतो. मेंदू काही थंड होत नाही!

उलट साध्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर पुष्कळदा 'खाद्य तेल' असे लिहिलेले असते आणि आपण ते डोक्याला लावतो. हे तेल खाण्याचे की केसांचे, हा वाद कराच्या हिशेबासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कारण तेव्हा केसांच्या तेलावर कर जास्त होता. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने सांगितले की लहान बाटलीत भरले म्हणून शुद्ध खोबरेल तेल केसांचे तेल ठरत नाही.

कायद्यातली आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. 1945 च्या औषध नियमांत काही आजारांची यादी आहे. ते बरे करण्याचा दावा औषधाच्या विक्रेत्याला करता येत नाही. त्या यादीत कर्करोग आहे, दमा आहे, आणि त्यांच्याबरोबर टक्कल, नवे केस उगवणे आणि अकाली केस पिकणे ही नावेही आहेत. म्हणून अनेक बाटल्यांवर फार जपून शब्द लिहिलेले असतात. 'केस उगवतील' असे न लिहिता 'केसांना पोषण' असे लिहितात. वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

हे सगळे मी इतके लांबवून का लिहिते आहे? दर वर्षी माझ्या वर्गात दोन-तीन मुली असतात, ज्यांचे केस मूठमूठभर गळू लागतात. घरात धावपळ सुरू होते. एक तेल आणतात, मग दुसरे, मग कोणी सांगितले म्हणून तिसरे. मुलीला जिना चढताना धाप लागते, पापणी आतून फिकी दिसते, तिकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. शरीरात लोह कमी पडणे हे केस गळण्याचे एक मोठे कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय, म्हणजे खून की कमी, असल्याचे आढळले. शंभरात 59! अशा मुलीच्या डोक्याला बादलीभर रोगन लावले तरी काय उपयोग?

दुसरे कारण ताप. टायफॉइड, डेंग्यू यांसारखा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि पुढे काही महिन्यांत बहुधा आपोआप परत येतात. ते परत येण्याच्या वेळी घरात जी बाटली असते, तिला सगळे श्रेय मिळते. मग ती बाटली शेजारी जाते, खालाजानच्या घरी जाते, आणि तिची कीर्ती गावभर होते. 'माझ्या बहिणीला फरक पडला' हे वाक्य खोटे नसते. पण फरक कशाने पडला, हे त्या वाक्यात नसते. तशी दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे ही साधी गोष्ट आहे. त्यापेक्षा पुष्कळ जास्त गळत असतील, डोक्यावर गोल चट्टा पडला असेल, तर तेलाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून मिळते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात लपवू नका. मला दप्तरे ठाऊक आहेत. मसूर, पालेभाजी, कलेजी, जे परवडेल ते खा, वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते.

तेल कसे लावावे, एवढे सांगायचे राहिले. आंघोळीच्या तास-अर्धा तास आधी चमचाभर तेल पुरे. लांब केसांना थोडे जास्त घ्या. हात मुळापाशी कमी आणि केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांवर जास्त फिरवा, कारण जुना आणि थकलेला केस तिथे असतो. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका. कोंडा वाढवणारी सूक्ष्म बुरशी तेलावरच जगते. कपाळावर तेल ओघळू देऊ नका, या वयात मुरमे येतात. कंगवा मैत्रिणीला देऊ नका, मैत्री कितीही घट्ट असली तरी. नाहीतर तिच्या उवा तुमच्याकडे येतील आणि तेलावर रागावून काही होणार नाही. शाळेत येताना केस धुतलेले, विंचरलेले आणि हलक्या हाताने तेल लावलेले असले तर त्याला चिपकू म्हणणाऱ्याला दीन मुहम्मदांची गोष्ट ऐकवा.

डिसेंबरमध्ये आपल्याकडे सकाळी कडाक्याची थंडी असते. तेव्हा खोबरेल तेल बाटलीत पांढरे दगडासारखे होते आणि काहीजणांना वाटते की दुकानदाराने मेण मिसळले. तसे नाही. साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली शुद्ध खोबरेल तेल गोठू लागते, तो त्याचा स्वभाव आहे. बाटली फेकू नका, दुकानदाराशी भांडू नका. कोमट पाण्याच्या वाटीत पाच मिनिटे उभी करून ठेवा.