वर्ग कोणाच्या मालकीचा?

यंदाच्या अंकाचा विषय ‘मालकी’. जमीन, घर, पाणी यांच्याबद्दल आत वाचायला मिळेलच.  पण वर्षभर मनात सलत राहिली ती वेगळीच मालकी. नॅकच्या मूल्यांकनाची फेरी जवळ आली की महाविद्यालयात अध्यापनाच्या सॉफ्टवेअरची निविदा निघते. कंपनीचा माणूस डेमो देतो. हजेरी, असाइनमेंट, चाचण्या, गुण सगळे एका पडद्यावर दिसते. दर विद्यार्थ्यामागे किती, एवढे ठरते आणि सही होते. करार संपला की प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे रचलेली प्रश्नपेढी कोणाच्या हाती राहणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. वेबसीटी ही अशीच अध्यापनाची प्रणाली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जन्मली. 2006 मध्ये ब्लॅकबोर्ड या कंपनीने ती घेतली, पुढे बंद केली आणि तिच्यावर अभ्यासक्रम उभारलेल्या विद्यापीठांना बिऱ्हाड हलवावे लागले. त्याच वर्षी ब्लॅकबोर्डने पेटंटच्या बळावर डिझायर-टू-लर्न या स्पर्धक कंपनीवर दावा ठोकला. 2008 मध्ये ज्यूरीने सुमारे 31 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. 2009 मध्ये अपील न्यायालयाने पेटंटचा तो आधारच अवैध ठरवला. तोवर तीन वर्षे गेली होती. ब्लॅकबोर्ड स्वतः 2011 मध्ये गुंतवणूकदारांकडे गेली, 2021 मध्ये अँथॉलॉजी या कंपनीत विलीन झाली आणि सप्टेंबर 2025 मध्ये अँथॉलॉजीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनव्हास हे असेच सॉफ्टवेअर बनवणारी इन्स्ट्रक्चर कंपनी 2020 आणि 2024 अशी दोनदा विकली गेली. फुकटाचाही भरवसा नाही: गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण 2022 मध्ये 100 टेराबाइटच्या मर्यादेवर आणली. यात कोणी फसवणूक केली असे नव्हे. कंपन्या विकल्या जातात, धोरणे बदलतात. विद्यापीठाला मात्र पन्नास वर्षांचा विचार करावा लागतो.

मग मूडल का नको? ऑस्ट्रेलियात घडलेले हे मुक्त सॉफ्टवेअर 2002 पासून उपलब्ध आहे, आयआयटी मुंबईही ते वापरते. यावरचा आक्षेप रास्त आहे: आयआयटीकडे सर्व्हर आहे, माणसे आहेत, गडचिरोलीतल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक शिकवणार की बॅकअप घेणार? परवाना फुकट असला तरी देखभालीला पैसा लागतोच. पण हा भार प्रत्येक महाविद्यालयाने एकट्याने का उचलावा? विद्यापीठाने एक सर्व्हर आणि दोन-चार जाणकार माणसे ठेवली तर संलग्न महाविद्यालयांची सोय होऊ शकते. ते होईपर्यंत कंपनीचे सॉफ्टवेअर घेण्यात गैर काही नाही. चांगली कंपनी वेळेवर मदत करते, आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या मदतीचे मोल मोठे असते. मात्र घेताना बाहेर पडण्याची वाट करारात लिहून घ्यावी. पाठ, प्रश्न, गुण आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी इतरत्र वापरता येतील अशा स्वरूपात, ठरलेल्या मुदतीत, वेगळे शुल्क न घेता परत मिळाल्या पाहिजेत. नुसत्या कलमावर विसंबू नये. डेमोच्या दिवशीच एक पूर्ण अभ्यासक्रम बाहेर काढून मूडलवर चढवून दाखवायला सांगावे. ज्या कंपनीला हे जमत नाही, तिची निविदा स्वस्त असली तरी नाकारावी.

आपल्या वाचकांत प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक अनेक आहेत. पुढच्या निविदेवर सही करण्यापूर्वी एवढी मागणी बैठकीत मांडा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.